एकादशीचा समुद्र

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. ती एक घटना मात्र अजून जशीच्या तशी समोर उभी राहते, आणि तीही समुद्राच्या आवाजासकट. बेळगावात समुद्र नाही, तरीही.

मी तेव्हा बेळगावातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी घेतली, रात्रपाळीच्या लोकांना घरी सोडलं, की मी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला जायचो. ठाण्यात पोहोचतो तो चहा गार असतो आणि ठाण्यात पोहोचते ती बातमी शिळी असते. दोन्ही ताजं हवं असेल तर टपरी गाठावी. तिथं भाड्याच्या गाडीचा एक ड्रायव्हर नेहमी भेटायचा. एक दिवस तो कपात बघत म्हणाला, "सायेब, देवाधर्माचा माणूस लबाड असू शकतोय व्हय?"

"मी पकडलेले बरेचसे देवाधर्माचेच होते. का रं?"

"एक एजंट हाय. म्हातारी जोडपी घिऊन माझ्या गाडीनं जांबोटीवरनं घाट उतरतोय. समुद्राकडंला प्लॉट दावायला. पर एकादशी सोडून कधी जात न्हाय. मागं म्हटलं, पौर्णिमेला गाडी रिकामी हाय, जाऊया, तर अंगावरच आला माझ्या."

"जोडपी काय म्हणतात?"

"काय म्हणत्यात? येताना कुणी बोलतच न्हाय. पदरात शिंपले घिऊन बसत्यात आणि खिडकीतनं बघत्यात, झोपंत असल्यागत."

उमेदीची काही वर्षं मी कारवारच्या किनाऱ्यावर काढली होती. एकादशी हा शब्द ऐकून डोक्यात काहीतरी हललं, पण काय ते कळेना. ड्रायव्हरकडून एका जोडप्याचा पत्ता घेतला आणि साध्या कपड्यांत गेलो.

हे जोडपं मूळ निपाणीचं. अण्णा चिकोडीकडच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. आक्का गुंजीच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. निपाणीचं राहतं घर विकून त्यांनी समुद्राकाठी प्लॉट घेतला होता आणि घर बांधून होईपर्यंत बेळगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. मुलगा परदेशात. म्हणजे हा प्लॉट गेला तर या दोघांना स्वतःचं छप्पर राहणार नव्हतं.

दार उघडं होतं. मी आत पाऊल टाकणार तोच आक्का ओरडल्या, "तिथनं येऊ नका, भिंत हाय तिथं!"

मी थबकलो. फरशीवर खडूच्या पांढऱ्या रेघा होत्या. अख्ख्या घराचा आराखडा त्यांनी खोलीत आखून ठेवला होता. अण्णा ओशाळून म्हणाले, "इकडनं या. ह्यो दरवाजा." मी खडूच्या दारातून आत गेलो. तीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस मी, पण ती रेघ ओलांडायची हिंमत झाली नाही.

आक्कांनी सगळं घर दाखवलं. हे स्वयंपाकघर, ही देवाची जागा, आणि पश्चिमेला हा सोपा, म्हणजे पडवी. तिथं दोन खुर्च्या ठेवल्याही होत्या. त्यावर बसलं की समोर भाड्याच्या घराची ओल आलेली भिंत यायची. "दिस बुडताना हितनं दिसतोय," आक्का म्हणाल्या, आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही दिसला.

मग त्यांनी नारळाच्या रोपाचं सांगितलं. भूमिपूजनाला त्यांनी गुंजीच्या शेतातली ओंजळभर माती नेली होती आणि प्लॉटच्या कोपऱ्यात रोप लावलं होतं. एजंट दर पंधरवड्याला न चुकता फोन करून रोपाची खुशाली सांगायचा. "चवथं पान फुटलंय म्हणाला परवा. पोटच्या पोरालाबी फोन करायला येळ न्हाय, ह्यो करतोय."

"भूमिपूजन कधी केलंत?"

"एकादशीला. मी म्हटलेलं अक्षय तृतीयेला करूया. त्यो न्हायच म्हणाला. एकादशीच चांगली म्हणं. तिथं खानावळीत मासळीचं जेवण हुतं, आमी उपासाची साबुदाण्याची खिचडी खाऊन आलो."

तिथं माझी ट्यूब पेटली. आपल्याकडं मुहूर्त मानणारा माणूस एक वेळ लग्न पुढं ढकलेल, पण अक्षय तृतीया हातची सोडणार नाही. हा मुहूर्ताच्या नावावर जमीन विकतो आणि तोच दिवस टाळतो. का, ते कारवारच्या कोळ्यांनी मला कधीच शिकवलेलं होतं. एकादशीच्या आसपास समुद्र आळसावलेला असतो. भरती अर्ध्यावरून मागं फिरते. त्याला तिकडं भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण असतं. अक्षय तृतीया नेमकी अमावास्येनंतरची. आपण घाटावरची माणसं. समुद्र एक दिवस बघतो आणि तो रोज तिथंच असतो असं धरून चालतो.

मी कोण ते आणि प्लॉट उधाणात पाण्याखाली जात असणार हे सरळ सांगितलं, आणि तक्रार द्या म्हणालो. आक्का भडकल्या. "तुमी मोडायला आलाईसा. सही करणार न्हाय मी."

फिर्यादीशिवाय माझे हात बांधलेले होते. तरी एजंटला चौकशीला बोलावलं. कपाळाला गंध, बोलणं मधाचं. उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर खरा होता; पण ती जागा माडांच्या मागचा खडकाळ तुकडा होता, तोही दुसऱ्याच्या नावावर. प्लॉटच्या हद्दीचे दगड मात्र पुढं वाळूत रोवलेले. "मोजणी चुकली असंल सायेब. मीबी घाटावरचाच. मला समुद्रातलं काय कळतंय?" हा बचाव कोर्टात टिकण्यासारखा होता. चूक आणि फसवणूक यांत फरक एवढाच की फसवणाऱ्याला आधी माहीत असतं, आणि ते माहीत होतं हे आम्हाला सिद्ध करावं लागतं.

मी फाईल मिटली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आक्कांच्या नारळाला पानं किती आली?"

"चार," तो लगेच म्हणाला. "झ्याक हाय."

"मग पौर्णिमेला बघायला जाऊ सगळे."

त्याचं गंध घामानं ओघळलं. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. आक्कांना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "रोप दावा. न्हाय दिसलं तर सही करते."

पौर्णिमेला सकाळी आम्ही घाट उतरलो. पंच, एक कॉन्स्टेबल, अण्णा-आक्का आणि एजंट. किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा दगड अजून कोरडे होते. त्यांच्यामधली वाळू स्वच्छ, सपाट. रोप नव्हतं. आक्का म्हणाल्या, "वाळूत बुजलं असंल." त्या कोपऱ्यात बसून हातानं वाळू उकरू लागल्या. आणि ऊन डोक्यावर येता येता पाणी आलं. घाई न करता, घरचं माणूस आत यावं तसं. आधी सोप्यात आलं, मग देवाच्या जागेपाशी, मग स्वयंपाकघरात. खडूचं ते घर मला तोंडपाठ झालं होतं. कॉन्स्टेबलनं गुडघाभर पाण्यात उभं राहून पंचनामा लिहिला. अण्णांनी आक्कांना धरून उठवलं.

एजंट गयावया करू लागला, "आक्का, पैसं परत देतो. एक न् एक."

"पैशाचं पोलिसास्नी सांग," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला एवढंच सांग, पाचवं पान कवा फुटणार हुतं रं?"

रोप वाहून गेलंय हे माहीत असताना पानं मोजून सांगणाऱ्या त्या माणसानं मान खाली घातली. माझ्या उभ्या नोकरीत इतका पुरता कबुलीजबाब मी पाहिला नाही. संध्याकाळी ठाण्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहून झाली, मराठीत वाचून दाखवली, आणि आक्कांनी सही केली. पुढं अशी आणखी जोडपी निघाली. सगळ्यांना प्लॉट बघितल्याचा दिवस एकाच खुणेनं आठवत होता: त्या दिवशी उपास होता.

त्या केसनंतर मी फसवल्या गेलेल्या माणसाला "तुम्ही कसे फसलात?" असं कधी विचारलं नाही. लबाड माणूस जमीन विकत नाही. घर आपण आधीच मनात बांधलेलं असतं, तो फक्त त्याची खुशाली कळवत राहतो. म्हणून मी आधी विचारायचो, "तुम्हाला तिथं काय दिसलं होतं?" माणसं मग खरं बोलायची. काही रडायची.

एजंटची मालमत्ता जप्त झाली, अण्णा-आक्कांना बरंचसं परत मिळालं. माझ्या निवृत्तीनंतर त्यांचा निरोप आला म्हणून गुंजीला गेलो. माहेरच्या शेताच्या कडेला त्यांनी छोटं घर बांधलं होतं. पश्चिमेला सोपा, त्यावर त्याच दोन खुर्च्या. समोर वाऱ्यावर भाताचं रान हलत होतं, दूरपर्यंत, सावकाश, आणि मागं फिरत होतं. मी ते बघत बघत शेताकडूनच सरळ सोप्यात शिरायला निघालो.

आतून आक्कांचा आवाज आला, "सायेब, तिथनं नका येऊ. दारातनं या. आता खरंच भिंत हाय."