मुंग्यांचं पीठ

लातुरात आमच्या शेजारच्या वहिनी रोज भाकरी थापून झाली की परातीतलं उरलेलं पीठ गुळात कालवून आमच्या सामाईक भिंतीशी ठेवत. त्यांचा नवरा अर्धांगवायूनं खाटेवर. ना हलता येतं, ना बोलता. “हितं पोट भरलं की मुंग्या ह्यांच्याकडं येत न्हाईत, भाऊ. माणसापरीस बऱ्या हायत.”

मला मुंग्यांच्या त्या रांगेचा वैताग होता. एका दुपारी, वहिनी पाण्याला गेल्यावर, मी तिथं विषारी पावडर टाकली. वाचलेल्या मुंग्या खाटेवर चढल्या.

सकाळी वहिनी नवऱ्याच्या सुजलेल्या पायांना हळद-खोबरेल लावत होत्या. “माझंच चुकलं. पीठ कमी पडलं असंल.”

मी होकारार्थी मान हलवली.

आता त्या पहिली भाकरी मुंग्यांसाठी कुस्करतात आणि मलाच विचारतात, “एवढी पुरंल का, भाऊ?”