नवसाचा कोंबडा मुद्देमालात

डहाणूतला तो कोंबडा आजही डोळ्यांसमोर येतो, आणि आला की माझाच मला राग येतो. पोलिसातल्या तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जिवाला चुटपुट लावून गेला तो एक कोंबडा. हसा खुशाल. सुरुवातीला मीही हसलोच होतो.

साल २०१६. भातकापणी उरकलेली. आशागडजवळच्या पाड्यावरची एक म्हातारी ठाण्यात आली. तिचा लाल कोंबडा चोरीला गेला होता. लेकीचं बाळंतपण अडलं तेव्हा तिनं तो गावदेवाला नवस म्हणून बोलला होता. असा बोललेला कोंबडा तिच्या पाड्यावर कोणी विकत नसे, कोणी घेत नसे. पायात लाल दोरा बांधून वेगळा राखायचे. मी म्हणालो, "आजी, गेला असेल कोणाच्या तरी रश्शात. जा घरी." ठाणे अंमलदार खो खो हसला. साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंदसुद्धा घेतली नाही.

आठवड्यानं आमच्या हवालदाराला खबर लागली. नरपडच्या एका चिकूच्या वाडीत कोंबडे आणलेत, मुंबईच्या गाड्या येणार आहेत. "साहेब, झुंजी लावणार. जुगार आहे नक्की." रविवारी दुपारी पंच घेऊन छापा घातला. आत जुगारी नव्हतेच. झब्बे घातलेली पंधरावीस माणसं हळू आवाजात इंग्रजी बोलत होती. समोर लाकडी ठोकळ्यांवर आठ कोंबडे, पाय बांधलेले, अंगभर पांढऱ्या ऑइलपेंटनं वारली चित्रं काढलेली. जिवंत पिसांवर तारपा नाच! हवालदार कानात म्हणाला, "साहेब, याला कलम कुठलं लावायचं?"

चित्रकार मुंबईचा, वाडी भाड्यानं घेतलेली. माणूस शांत. "बघणाऱ्यानं अस्वस्थ व्हावं, म्हणूनच केलंय हे," तो म्हणाला.

"कधीपासून उभे आहेत?"

"कालपासून."

"पाणी?"

त्यानं वॉचमनकडे पाहिलं. मग मलाच विचारलं, "तुम्ही कोंबडी खात नाही का?" अहो, दुपारीच ताव मारून आलो होतो! मग मी आवाज चढवला. पोलिसाची जुनी खोड.

कोंबडे आणले कुठून, याला 'बाजारातून' एवढंच उत्तर मिळत होतं. हवालदारानं एकेक उचलून पाहिला. एकाच्या पायात, रंगाखाली, लाल दोरा. तो पाय वॉचमनसमोर धरला. माणूस इथलाच, दोऱ्याचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही. त्यानं हातच जोडले. "सात बाजारात भेटले, साहेब. या शेटला एक लाल पायजे होता. तो पाड्यावरून उचलला. दोरा बघून लय भ्यालो, पण शेट बोलले, रंग लावला की दिसणार नाय."

सगळ्यांना ठाण्यात आणलं, म्हातारीला बोलावणं धाडलं. ती सगळ्यांशी अरे-तुरेच करायची. देवालाही तू म्हणणारी माणसं ती. कोंबडा छातीशी धरून म्हणाली, "सायेब, हा माझाच. दे आता. चार दिसांनी देवाचा दिवस हाय."

"आजी, हा मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकुमाशिवाय देता येत नाही."

"मंग रंग तरी काढते. खोबरेलानं निघंल."

बाकावर बसलेला चित्रकार मध्येच बोलला, "ही तरी त्याला कापणारच आहे ना?"

"कापणारच," म्हातारी म्हणाली. "पन तवर तो माझ्या दारात चरतो."

आता माझी करणी ऐका. गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की पिसं चोचीनं साफ करताना रंग पोटात जाईल, ताबडतोब उतरवा. बाकीचे सात आम्ही धुतले. लाल मात्र मी धुवू दिला नाही. चोरी आणि क्रूरता, दोन्ही गुन्हे त्याच्या एकट्याच्या अंगावर. एवढा भक्कम पुरावा मला कोर्टात जसाच्या तसा उभा करायचा होता. फोटो होते, पंचनामा होता. कोर्टात अर्ज टाकला असता तर सुपूर्तनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करीन अशा लेखी हमीवर, कोंबडा तिला मिळालाही असता. पण केस गाजणार, पेपरात येणार, ही हाव सुटली. कोंबडा ठाण्याच्या व्हरांड्यात खोक्यात राहिला, पायात दोऱ्याच्या वर मुद्देमालाचं लेबल. म्हातारी रोज चालत यायची, दाणे टाकायची, माझ्या दाराशी उभी राहायची. मी "उद्या बघू" म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोंबडा मेला.

तिला मीच सांगितलं. ती भांडली नाही. खोक्यापाशी बसून तिनं पायातला दोरा सोडून घेतला. म्हणाली, "त्यानं बघायला उभा केला, तू दाखवायला ठेवला. कोंबड्याला काय फरक पडला, सायेब?"

देवाच्या दिवशी मी बाजारातून लाल कोंबडा घेऊन पाड्यावर गेलो. तिनं मला चहा दिला, कोंबडा घेतला नाही. "हा बोललेला नाय," एवढंच म्हणाली. त्याला तसाच काखेत घेऊन परत आलो. रस्ताभर लाज वाटत होती.

चित्रकाराला किरकोळ दंड झाला. चांगला तपास म्हणून वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. जनावर समोर ठेवून आपण कुठली मोठी गोष्ट सिद्ध करतोय, कला की कायदा, याचं त्याला काही पडलेलं नसतं. त्याला तहान लागलेली असते. हे त्या वयात कळायला नको होतं का मला? पुढे निवृत्त होईपर्यंत कोंबडीची तक्रारसुद्धा नोंदवून घेतली. छाप्यात जिवंत काही सापडलं, बकरी असो की पोपट, तर आधी पाणी आणि मग पंचनामा, हा माझ्या ठाण्याचा नियम झाला. त्या लाल कोंबड्याला मात्र मी आधी लेबल बांधलं होतं.