दोन जॉर्ज टेलर

“टेलर आडनावाचं कोणीच नाही,” मी दुसऱ्यांदा सर्च करून सांगितलं.

समोर खडकीचे टेलर अंकल बसले होते. वय सत्तरच्या पुढे, कारखान्यातून रिटायर झालेले.

“असं कसं, बेटा? माझ्यासमोर पुरलंय वडलांना.”

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. सकाळी कॉलेज आणि दुपारी कोथरूडच्या एका ऑफिसात डेटा एंट्री. खडकीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीचं जुनं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवायचं काम आमच्याकडे होतं. मूळ रजिस्टर इंग्रजीत. स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वर्षांनी कोणा कारकुनाने त्याची मराठीत नक्कल केलेली. आम्हाला ती नक्कल मिळाली होती.

अंकलची आई शेवटच्या आजारात होती. नवऱ्याच्याच कबरीत ठेवा, एवढंच तिचं मागणं. दफनभूमीवाले तयार होते, पण त्यांना प्लॉट नंबर हवा होता. कबरीवरचा दगड कधीच गेलेला. नंबर होता तो फक्त रजिस्टरमध्ये.

आमच्या सुपरवायझर करंदीकर मॅडम मागून म्हणाल्या, “पहिल्या नावाने शोध. कॉम्प्युटरला डोकं नसतं, आपलं वापरायचं.”

जॉर्ज टाकलं. बरेच जॉर्ज आले. त्यातल्या दोघांपुढे आडनाव रिकामं आणि व्यवसाय ‘शिंपी’. दोन्ही एंट्र्या माझ्याच.

“वडील कपडे शिवायचे का हो?” मी विचारलं.

“फिटर होते. शर्टाचं बटणसुद्धा आई लावायची.”

माझे वडील बिबवेवाडीत कपडे शिवतात. गल्लीत त्यांना नावाने कोणी ओळखत नाही, सगळे नुसतं ‘टेलर’ म्हणतात. नकलेत आडनाव-व्यवसायाचे वेगळे रकाने नव्हते. नुसतं ‘जॉर्ज टेलर’ वाचून मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. ड्रॉपडाउनमध्ये, म्हणजे निवडायच्या तयार यादीत, शिंपी होतं. मी क्लिक केलं होतं.

मॅडमना सांगितलं. “नशीब, कोणी देशपांडे नव्हते,” त्या म्हणाल्या. “त्यांना वसुलीला पाठवलं असतंस.”

मग त्यांनी शांतपणे समजावलं. कापणे या अर्थाच्या एका जुन्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आलं. कापड बेतणारा तो टेलर. काही पिढ्यांनी धंदा सुटला, नाव आडनाव म्हणून राहिलं. आज इंग्लंडमध्ये ते फार मोठ्या संख्येने आढळतं आणि त्यातले बहुतेक कपडे शिवत नाहीत. इंग्रजीत आडनाव वाय घालून लिहितात, धंदा आय घालून. मराठीत दोन्ही टेलरच.

“मग जिथे जिथे टेलर आहे, तिथे आडनाव करू का?”

“म्हणजे आता खऱ्या शिंप्यांना साहेब करणार? मूळ रजिस्टर दफनभूमीत आहे, ते बघून ये.”

अंकलना घाई होती. “त्या दोघांतला पहिला नंबर देऊन टाक ना. डॉक्टरांनी दोन-चार दिवस सांगितलेत.”

मला द्यावासा वाटला. पण चुकीची कबर उघडली असती तर? मी त्यांना थांबायला सांगितलं. तशीच त्यांच्या स्कूटरवर मागे बसून खडकीला गेले.

तिथल्या केअरटेकरने मूळ रजिस्टर काढून दिलं. पहिला जॉर्ज खरोखरच पलटणीचा शिंपी होता, स्पेलिंग आय घालून. त्याच्या आडनावाचा रकाना मुळातच कोरा. दुसऱ्याच्या आडनावात वाय होतं आणि पुढे व्यवसाय, फिटर.

अंकलनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग नंबर लिहून घेतला.

त्यांची आई त्याच आठवड्यात गेली. तिला नवऱ्याच्या कबरीत ठेवलं, असा अंकलचा फोन आला. मी उरलेल्या सगळ्या टेलरांच्या नोंदी मूळ रजिस्टरशी ताडून दुरुस्त केल्या.

आता कोणी चौकशीला आलं तर ‘नाही’ म्हणत नाही. ‘आम्ही जे टाईप केलंय, त्यात सापडत नाही’ असं म्हणते. वाक्य जरा लांब होतं. समोरचा माणूस मात्र लगेच उठून जात नाही.