आर्डिसच्या घरातली भोकं

...नाही नाही, तो तिसरा मोजा. आधीचे दोन उडून गेले होते. तू लिही आपलं, मध्ये विचारू नकोस. थांब, पहिल्यापासनं सांगते, म्हणजे सगळं नीट बसेल.

आर्डिस फॉसम म्हणजे आपल्या रस्त्याच्या टोकाचं पिवळं घर. चौऱ्याहत्तरीची बाई, काटक, आणि मानी इतकी की पाय मोडला तरी म्हणेल, तसं काही विशेष नाही. घर सासऱ्यानं बांधलेलं. थंडीत आत बसायचं तरी डोक्यावर टोपी हवी. मागल्या जानेवारीत तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाला बर्फाची दाढी फुटली, तर म्हणते कशी, शोभतेय की.

तिचा मुलगा मर्लिन तिकडे फार्गो शहरात. त्यानं तिला सरळ सांगून टाकलं, बर्फ पडायच्या आत घर ऊबदार झालं तर ठीक, नाहीतर तू माझ्या फ्लॅटमध्ये. फ्लॅट म्हटलं की आर्डिस अंगणाकडे बोट दाखवायची. कोंबड्या काय लिफ्टमधून नेणार?

आता आपली वीज सोसायटी. आपल्या आजोबा-पणजोबांनी स्वतः खड्डे खणून खांब उभे केले, म्हणून ती आपली, आपण सगळे सभासद. हल्ली माळावर पवनचक्क्या झाल्या, गवळ्याच्या कुरणात उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या झाल्या. आणि सोसायटीचं म्हणणं असं, की नवी वीज करायची ती करूच, पण घरातून पळून जाणारी ऊबही अडवू. म्हणून ज्याचं घर गळकं, त्याच्या भिंतीत रद्दी वर्तमानपत्रांचा भुगा भरून देतात, वर ऊब देणारं यंत्र बसवतात, वाऱ्याच्या विजेवर चालणारं. पण आधी तपासणी. घर गळकं ठरलं तरच.

आर्डिसनं नाव दिलं, आणि मग तिला धडकी भरली. तपासणीला सोसायटीची बाई येणार, म्हणजे पाहुणीच, आणि पाहुणी घर बघणार म्हणजे काय साधी गोष्ट आहे? तीन दिवस धुणं, पुसणं. पडदे धुतले, तळघराच्या पायऱ्यासुद्धा घासल्या. आणि शेवटच्या दिवशी तिच्या मनात आलं, ही बाई भोकं मोजणार, मग पंचक्रोशीत सांगत फिरणार, फॉसमांच्या घराला चाळणीसारखी भोकं! मग काय, खिडक्यांच्या फटीत मोजे, पाइपांभोवती फडकी, आणि माळ्याच्या झाकणाच्या कडेनं नवऱ्याची, ऑर्व्हिलची, लोकरीची लांब चड्डी. देवाघरी गेलेल्या माणसाची हो! पण काम चोख केलं. मग बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटल्या आणि पाहुणीची वाट बघत बसली.

सोसायटीची जनेल कुचेरा आली, आपल्या वयाला मान देणारी, पन्नाशीची बाई. मर्लिनही आला, निकाल ऐकायला. जनेलनं पुढच्या दारात मोठा पंखा बसवला. तो घरातली हवा बाहेर ओढतो, आणि बाहेरची हवा मग फटीफटीतून आत घुसते. किती घुसते ते यंत्र सांगतं. पंखा सुरू झाला. जनेलनं आकडा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला.

म्हणाली, घर तर नव्यासारखं घट्ट आहे काकू, तुम्हाला आमची गरजच नाही.

मर्लिननं लगेच संधी साधली. म्हणजे थंडी घराची नाही, वयाची. मग फ्लॅटच बरा.

जनेलनं कागद दुमडायला घेतला. आर्डिसचा चेहरा बिटासारखा लाल. एकीकडे लाज, दुसरीकडे फार्गो. उठली, कोचामागे वाकली, आणि खिडकीतून एक मोजा ओढून काढला.

"मी बुजवलीत सगळी. पाहुणी येणार म्हणून."

जनेलनं कागद बाजूला ठेवला. आणि पंखा वाढवला. आणि काय सांगू तुला! एक मोजा उडाला, दुसरा उडाला, तिसरा सरळ मर्लिनच्या कॉफीत. पडदे छताला. मग वर माळ्याचं झाकण खडखडलं आणि ऑर्व्हिलची चड्डी दोन्ही पाय हवेनं फुगवून खाली आली, ती मर्लिनच्या डोक्यावर. आतून मर्लिन शांतपणे म्हणाला, "बाबा आलेत वाटतं." आर्डिस हसता हसता जमिनीवर बसली, जनेल पंख्याला धरून हसली, आणि त्यात आर्डिसच्या डोळ्यांतून पाणीसुद्धा आलं, ते सगळं हसण्याचंच नव्हतं.

मग पुन्हा मोजलं. जनेल म्हणाली, वीस वर्षांत इतकं गळकं घर पाहिलं नाही.

आर्डिसनं डोळे पुसले. "खरंच? समोरच्या साथरांच्या घरापेक्षाही?"

पुढच्याच महिन्यात माणसं आली, भिंती भरल्या, यंत्र बसवलं. पहिल्या वादळात मर्लिन मुद्दाम मुक्कामाला आला. आत येऊन कोट काढला, मग स्वेटर काढला, मग बाह्या वर केल्या, आणि म्हणाला, "राहा बाई तू इथंच." आर्डिस त्याला म्हणाली, तसं काही विशेष नाही, पण रात्रभर गालातल्या गालात हसत होती.

झालं. आता हा कागद पलीकडच्या इनाकडे नेऊन दे. तिच्याकडे मंगळवारी तो पंखा येणारे आणि बाई कालपासून घर आवरत सुटलीय. तिला माझा निरोप सांग, झाडू ठेव, कॉफी टाक, आणि भोकं जिथल्या तिथे राहू दे.