पोरं खूश नाहीत, शेठ

माझ्या बायकोला माझ्या मोबाईलचा पासवर्ड माहीत आहे, माझी शुगर किती ते माहीत आहे, लग्नाआधी मी कुणाला चिठ्ठी लिहिली होती तेही माहीत आहे. ही गोष्ट मात्र तिला माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा आता पोटात ठेवायला जागाच उरली नाही म्हणून असेल.

मी गोलकीपर होतो. पनवेलच्या एका फुटबॉल क्लबचा, आणि क्लब निघाला त्या दिवसापासून कॅप्टनसुद्धा. पनवेलला कसला फुटबॉल क्लब, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. पण आमच्याकडे जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हा लोकांनी काय काय नाही केलं? कुणी चार मजली बंगला बांधला, कुणी शर्यतीचे बैल घेतले, कुणी पोराच्या हळदीला हेलिकॉप्टर आणलं. नामाशेठनी फुटबॉल क्लब काढला. बापजाद्यांची मिठागरं, थोडी भातशेती, स्वतः सातवी पास. एकदा जावयाकडे टीव्हीवर मॅच बघितली आणि माणूस हरखून गेला. मला म्हणाले, “बावीस मानसं एका चेंडूसाठी भांडतात, आन् कोर्टात कोन जात नाय. ह्यो खेल चांगला हाय.”

नेऱ्याकडे डोंगराखाली त्यांची जागा होती. तिथे हिरवंगार मैदान झालं. एसी बस आली — एसी इतका थंड की पहिली दहा मिनिटं आमचे गुडघेच वळायचे नाहीत. प्रत्येकाला नाव विणलेला टॉवेल मिळाला. आम्हा बऱ्याच जणांना शेठच्या रेडीमिक्स काँक्रीटच्या प्लांटवर नोकऱ्या मिळाल्या. मी सुपरवायझर. शेठना ऑफसाइड मात्र शेवटपर्यंत पटला नाही. “पुढं गेला तो हुशार. त्याला शिक्षा कसली?” असं ते रेफ्रीला विचारायचे, आणि रेफ्री आमच्याच बसने घरी जाणार असल्यामुळे नम्रपणे ऐकून घ्यायचा.

सगळं होतं. एकच गोष्ट टिकत नव्हती — कोच.

पाच वर्षांत सहा कोच झाले. पहिला गोव्याचा. दुसरा कोलकात्याचा, त्याने शेठच्या घरी बसून समुद्राची मासळी ही मासळीच नव्हे असं सांगितलं होतं, तेव्हा तो गेला तर नवल नाही. तिसरा पुण्याचा, तो आम्हाला झेरॉक्स वाचायला द्यायचा. केरळचा होता तो एकोणीस दिवस टिकला. फ्लेक्सवाल्याने ‘हार्दिक स्वागत’ची फाईल तयारच ठेवली होती, फक्त चेहरा बदलायचा. एकदा घाईत नव्या कोचचं डोकं जुन्या कोचच्या मानेवर बसलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लोक म्हणायचे शेठ लहरी आहेत. शेठ लहरी नव्हते. मग कोण काढत होतं या लोकांना?

रविवारी सकाळी मी शेठकडे जायचो. ओटीवर दोन खुर्च्या, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. शेठ विचारायचे, “पोरं कशी हायत?” मी लगेच बोलायचो नाही. भाकरीचा तुकडा मोडायचो, खाली बघायचो, आणि मग म्हणायचो, “पोरं खूश नाहीत, शेठ.”

बस, एवढंच. बुधवारपर्यंत कोच गेलेला असायचा.

पोरांना मी विचारलेलं असायचं का? कधीच नाही. एका कोचने आम्हाला डोंगर चढायला लावला — पोरं खूश नाहीत. एकाने सकाळी सहाला प्रॅक्टिस ठेवली — पोरं खूश नाहीत. पोरं म्हणजे मी. आणि पोरांनाही हळूहळू ते कळलं. कुणाला बाहेर बसवलं की तो संध्याकाळी माझ्या प्लांटवर चहा प्यायला यायचा. कोचशी आम्ही सगळे कसे बोलायचो — कंडक्टर सुट्टे नसलेल्या प्रवाशाशी बोलतो तसे. मला ते आवडत होतं. खोटं कशाला बोलू? फार आवडत होतं.

सातवे आले नाखवा सर. खरं आडनाव वेगळं, पण उरणकडचे कोळी, वडिलांची होडी होती, म्हणून सगळे नाखवा म्हणायचे. चौदा वर्षं एका शाळेत पीटी शिकवत होते. ती नोकरी सोडून आमच्याकडे आले. पहिल्या दिवशी शेठना म्हणाले, “एक वर्ष तरी ठेवा. मागं परत जायला जागा नाय मला.” शेठनी शब्द दिला. मग सर माझ्याकडे वळले आणि त्यांनी माझाही हात हातात घेतला. कॅप्टन म्हणून. मीही शब्द दिला.

माणूस चांगला होता. मला तसं म्हणायला इतकी वर्षं लागली. ओरडायचे नाहीत. कोण कुठे उभा राहिला तर बरं, हे दोन वाक्यांत सांगायचे, आणि ते खरं निघायचं. आम्ही जिंकायला लागलो. पोरं वेळेआधी मैदानावर येऊ लागली, हे तर मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो.

आणि त्याच सुमारास — इथे मी नेहमी थांबतो. स्वतःशी बोलतानाही थांबतो.

मला नीट दिसत नव्हतं. वर्षभर तरी. जमिनीवरचा चेंडू दिसायचा, पण उंचावरून आलेला पार डोक्याशी येईपर्यंत समजायचा नाही. मी ओरडून, हातवारे करून, बचावातल्या पोरांवर ढकलून निभावून नेत होतो. सरांना ते कळलं. प्रॅक्टिस संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या बसचा नंबर वाचायला सांगितला. नंबर मला पाठ होता. मी ऐटीत म्हणून दाखवला.

सर म्हणाले, “आपली बस गॅरेजला हाय रे. ही भाड्याची.”

हसले नाहीत. कुणाला सांगितलंही नाही. म्हणाले, “डोळे दाखवून ये. तोवर गोलमध्ये दुसरा उभा राहील. तू बरा झालास की जागा तुझीच.”

याहून चांगलं कुणी काय बोलणार? पण मी छत्तीस वर्षांचा होतो. छत्तिसाव्या वर्षी बाहेर बसलेल्या गोलकीपरची जागा कुणी राखून ठेवत नाही, असं मला वाटलं. सर राखतील, हे माहीत होतं — तरीही वाटलं.

रविवारी मी शेठच्या ओटीवर गेलो. नेहमीचं वाक्य म्हटलं. शेठ या वेळी मान हलवायला लागले. “नाय. मी काल सोता जाऊन बघून आलो. पोरं हसत होती.”

आता हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि मग तोंडातून जे निघालं ते मी घरून ठरवून नेलं नव्हतं, एवढं तुम्हाला सांगू शकतो. त्याने काही फरक पडतो का? पडत नाही.

मी म्हणालो, “हसत होती, शेठ. पण कशाला हसत होती?”

शेठ हाफ-टाइमला ड्रेसिंग रूममध्ये येऊन भाषण करायचे. चेंडू म्हणजे सातबारा हाय, सोडू नका, अशा धर्तीचं. मी शेठना सांगितलं की नाखवा सर त्या भाषणाची नक्कल करतात. पोट सावरत चालणं, घसा खाकरणं, सगळं करून दाखवतात.

नक्कल होत होती, हे खरं होतं. ती मी करायचो. फार हुबेहूब करायचो. सगळी टीम लोळायची. एकटे सर हसले नव्हते. मला म्हणाले होते, “तो मानूस आपल्यासाठी उन्हात उभा राहतो. बस कर.”

मला वाटलं होतं शेठ चिडतील. ते चिडले नाहीत. ताटाकडे बघत राहिले. मग विचारलं, “तू हसलास?”

“नाही, शेठ.”

“बरा झाला. एक तरी हाय.”

बुधवारी सर गेले. कारण त्यांना सांगितलं नाही; शेठना ते तोंडाने सांगायची लाज वाटली असावी. सरांनी शिट्टी आणि स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं, सगळ्यांशी हात मिळवला. माझ्यापाशी आल्यावर हळूच म्हणाले, “डॉक्टरकडं जाऊन ये, फायनलच्या आधी.” मी गेलो नाही.

फायनलला आठवा कोच होता, तीन दिवसांचा. बिचाऱ्याला आमची नावंही पाठ नव्हती. शेवटच्या मिनिटाला एक चेंडू उंचावरून आला. मला दोन दिसले. मी जोरात झेप घेतली आणि नसलेला झकास पकडला. सोमवारी त्या कोचला काढलं. त्याने अजून बॅगसुद्धा उघडली नव्हती.

पुढे मी चष्मा लावला, खेळणं सोडलं. शेठनी मला क्लबचा संचालक केलं. सभेत म्हणाले, हा इमानी माणूस आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. जवानीत माणूस घसरतो, असं म्हणून मोकळा झालो असतो. पण गेल्या वर्षी शेठनी मला बोलावलं. आता त्यांना चालवत नाही. म्हणाले, “तो उरनचा मास्तर कुठं असतो? त्याच्यासारखा कोन आला नाय नंतर. नक्कल केली तर केली. मी बोलतोच तसा. बोलाव त्याला.”

सर कुठे असतात ते मला माहीत होतं. उरणजवळ द्रोणागिरीला एका गोदामाच्या गेटवर कंटेनरचे नंबर टिपतात. शाळेने त्यांना परत घेतलं नव्हतं. मी एकदा कामानिमित्त त्या गेटवर गेलो होतो. त्यांनी ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला, टीमचं विचारलं. तासभर बोलत होते — कोण खेळतो, कोण लग्न करून गेला.

आता मी चाळिशी ओलांडलेली. जागा जायची भीती नाही, गोलमध्ये उभं राहायचं नाही. फक्त सर आले असते तर एखाद्या दिवशी शेठ आणि ते समोरासमोर बसले असते. नकलेचा विषय निघाला असता.

मी म्हणालो, “मी विचारलं होतं त्यांना, शेठ. नाही म्हणाले.”

“राग हाय का मनात?”

“आहे थोडा.”

शेठ म्हणाले, “असंल. असू दे.”

सरांच्या मनात राग नाही. मी त्यांच्यासमोर बसून चहा प्यायलोय, मला माहीत आहे. नकलेवरून मी दोनदा खोटं बोललो, आणि दोन्ही वेळा माझ्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती. शेठ अजून अधूनमधून म्हणतात की मास्तरला त्यांनी दुखवलं. मी तिथेच बसलेलो असतो.