कोपऱ्यातील कपाटाचे दार

जी अन्नाच्या रूपाने घरोघर नांदते, त्या जगन्मातेला वंदन करून हे चार शब्द लिहितो. निमित्त घरचेच आहे. परवा नातीने आपल्या नव्या स्वयंपाकघराचा आराखडा माझ्यापुढे पसरला. मी तिला एवढेच विचारले, की ही सगळी दारे एका वेळी उघडतात का. सगळी दारे एका वेळी कोण उघडतो, म्हणून ती हसली. तेव्हा तिला जी हकीकत सांगितली, तीच येथे उतरवतो.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आम्ही आर्वीत स्लॅबचे घर बांधले. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. शेती रोहणा या आमच्या मूळ गावी, ती थोरले बंधू पाहत. घराचा नकाशा त्यांच्याच मुलाने, नागपुरात नुकत्याच इंजिनिअर झालेल्या माझ्या पुतण्याने काढला. कपाट ही बाहेरून आणून टेकवण्याची वस्तू नव्हे, ते भिंतीबरोबरच जन्माला आले पाहिजे, असे त्याचे मत होते. चूल आग्नेयेस असावी हा माझा आग्रह त्याने खिडकी सरकवून पाळला. ओट्याची उंची ठरवताना त्याने काकूला विटांवर ठेवलेल्या फळीपुढे उभे केले आणि लटकीच पोळी लाटायला लावली. ओट्याखाली आणि दोन्ही भिंतींवर काटकोनात सागवानी कपाटे बसली, तेव्हा कुठे भिंत संपते आणि कुठे लाकूड सुरू होते हे कळेना. शेजारणी पाहायला येत. पत्नी प्रत्येकीला सगळे खण दाखवी. मात्र एकेक उघडून, एकेक लावून.

तिच्या मनातली खरी इच्छा वेगळीच होती. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या तोवर रोहण्यालाच बसत. लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांची सेवा केली, पण दुसऱ्याच्या चुलीवर. आता स्वतःचे घर झाले, तर त्या एकदा इथे याव्यात, आल्या तर इथेच राहाव्यात, असे तिला फार वाटे. हा अधिकार वहिनींचा. एवढे धीट मागणे तिने त्यांच्याकडे पूर्वी कधी केले नव्हते. वहिनींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "यंदा ने. तिले करमलं तर राहील. नाई करमलं तर पुढच्या साली माह्या घरी."

आवाहनाच्या आदल्या दिवशी वहिनी देवीचे मुखवटे आणि ते ज्यांवर बसतात त्या, धान्याने भरावयाच्या पत्र्याच्या कोठ्या घेऊन आल्या. आमच्याकडे रीत अशी, की दोघी जावा मुखवटे हाती घेऊन कुंकवाच्या पावलांवरून घरभर फिरतात आणि देवीला सारा संसार दाखवतात. त्या वेळी घरातले एकही साठवणीचे दार बंद नसावे. म्हणून वहिनींनी हातपाय धुताच सांगितले, "सारे दारं उघड पाहू. उद्या कसं दिसंल ते आजच दिसू दे."

पत्नीने उत्साहाने एकेक दार उघडत नेले. कोपऱ्यात आली आणि थांबली. धान्याच्या कपाटाचे दार पुरते उघडले, की लोणच्या-पापडांच्या कपाटाचे उघडेना. ते उघडायचे तर पहिले लावावे लागे. दोन्ही दारांच्या मुठी एकमेकींना अडत होत्या. महिनाभर रोज वापरूनही हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण दोन्ही एका वेळी उघडण्याची वेळच कधी आली नव्हती.

वहिनींनी दोन्ही दारे स्वतः हलवून पाहिली. "इंजिनेर पोरगा माहाच हाये," त्या म्हणाल्या, "पण महालक्ष्मी हातात घेऊन तो कधी फिरला नाई ना."

पत्नी हसली नाही. कोणते कपाट झाकून ठेवायचे, धान्याचे की लोणच्यांचे? पहिल्याच वर्षी देवीपासून काही लपवले, तर पुढच्या वर्षी तिला रोहण्याला न्यायला वहिनींना दुसरे कारण लागणार नव्हते.

कपाटे करणाऱ्या सुतार मिस्त्रीला बोलावणे धाडले. तो रिकाम्या हाताने आला आणि दारातच सांगू लागला, की कोठ्यांखाली ठेवायला सांगितलेला चौरंग काही झाला नाही, लाकूड ओले निघाले. एकाच संध्याकाळी घरात दोन उणिवा झाल्या. मी पंचांगात डोके घातले. त्यातून चौरंग निघणार नव्हता, हे मलाही ठाऊक होते.

पत्नी मात्र कोपऱ्यातल्या दाराकडे पाहत होती. तिने त्याची लांबी हाताने मोजली, मग बाहेरच्या खोलीत जाऊन कोठ्यांमधले अंतर मोजले. परत आली ती पदर खोचूनच.

"मिस्त्री, धान्याच्या कपाटाचं दार काढा," ती म्हणाली. "विटांवर आडवं ठेवू. त्यावरच बसतील."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले, मी वहिनींकडे. वहिनींनी आधी दाराकडे पाहिले, मग जावेकडे, आणि स्वतःच कपाटातले डबे बाहेर काढायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी थाळीच्या गजरात दोघी जावा स्वयंपाकघरातून फिरल्या. एकही दार आड आले नाही. वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, पुढे पुरणपोळी, सोळा भाज्या आणि आंबील. आणि खाली घडीच्या वस्त्राआडून सागवानाची एक कड दिसत होती. पुतण्या नागपूरहून जेवायला आला, त्याने आपले दार ओळखले आणि मान खाली घालून पोळी खाल्ली. आईने त्याला आग्रहाने आणखी एक वाढली.

विसर्जनानंतर मिस्त्री दार परत लावायला आला. वहिनी रोहण्याला निघण्याच्या तयारीत होत्या. त्यांनी त्याला हातानेच थांबवले. "तिचं आसन झालं ते. आता त्याले बिजागऱ्या नाई लावायच्या." मुखवट्यांची पेटी त्यांनी पत्नीच्या हाती दिली. "अन् आसन इथं, तर ती रोहण्याले बसंल कशावर? पुढच्या साली मीच येतो. वेळेवर न्यायले पाठवजो."

पत्नीने त्यांना वाकून नमस्कार केला. त्यानंतर ती बराच वेळ स्वयंपाकघरात काहीतरी आवरत राहिली, आवरण्यासारखे काही नसताना.

ते कपाट आजही बिनदाराचे आहे. साऱ्या घरात सर्वांचा हात पहिल्यांदा त्यातच जातो.

वाचकहो, आपली कपाटे हवी तशी घडवा, भिंतीशी एकरूप करा. आपल्या घरी येणाऱ्या लक्ष्मीपुढे एकही दार बंद ठेवावे न लागो, आपले कोठार भरलेले राहो, आणि घरातल्या गृहिणीचे मन त्याहूनही भरलेले राहो, हीच माझी प्रार्थना.