दीपमाळेला लागलेला हात

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही — यजमानांना ठाऊक नाही, मुलींनाही नाही. मी तशी फटकळ बाई. शाळेत खेळ शिकवते. शिट्टी फुंकली की मैदान गप्प होतं. पोरगी चुकली की तिथल्या तिथे सांगते, चुकलीस. आणि माझं मला? — ते वीस वर्षं राहून गेलं.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. सोलापुरात मी शिक्षिका होण्याचा अभ्यास करत होते. मी मंगळवेढ्याची, खोलीतली मैत्रीण कांता मोडनिंबची. चैत्र सरता सरता आमचं शिबिर बार्शीकडच्या एका डोंगराच्या पायथ्याशी पडलं. शेवटच्या सकाळी शर्यत — एका अंगाने डोंगर चढायचा, माथ्यावरच्या खंडोबाच्या देवळावरून दुसऱ्या अंगाने उतरायचं, वळसा घालून परत तंबूपाशी. पहिली येईल तिचं नाव खेळशिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला जाणार होतं. एकच नाव. मला ते हवं होतं — कांतालाही.

माथ्यावर गेल्याची खूण काय? तर देवळात गुरवाकडून कपाळाला भंडारा लावून घ्यायचा. शिबिराच्या बाईंनी सहज सांगितलं, आम्ही सहज माना डोलावल्या. कांताचं घर बौद्ध. पळायला उभ्या राहताना मला म्हणाली, "मी न्हाय लावणार गं."

"मग बाईंना सांग की तसं."

"त्यात काय सांगायचं? पळायची शर्यत हाय का कपाळाची?" आणि हसली.

ती चढण मला अजून झोपेत दिसावी तशी दिसते. वाळलेलं कुसळी गवत, कुठूनतरी लिंबाच्या मोहराचा वास, खाली सगळं माळरान उन्हात हलणारं — पाणी असावं तसं. पाय माझे होते की नव्हते, कोण जाणे. दमही लागेना. पुढे कांता, अनवाणी, तिची वेणी पाठीवर उडते आहे. मी नुसती तिच्या मागे ओढली जाते आहे. माथ्यावर तिने दीपमाळेला हात लावला, क्षणभर तिथेच वाऱ्यात उभी राहिली आणि पलीकडे उतरली. गुरव आत गाभाऱ्यात. बाकीच्या पोरी अजून निम्म्या चढावर. बघणारी मी एकटी. तेव्हा ती किती मोकळी दिसली — हे मी म्हणावं का?

मी भंडारा लावून घेतला आणि उतरले.

तंबूपाशी ती आधी पोचली, मी मागून. बाईंनी तिचं कोरडं कपाळ पाहिलं. "वर न जाता मधूनच वळलीस ना?"

"गेलेते की बाई! भंडारा लावत न्हाय आमी. हिला विचारा, मागंच होती माझ्या."

बाई माझ्याकडे वळल्या. विचार करायला वेळ होता — घाबरून पटकन निसटलं असं काही झालं नाही. ते एक नाव मला दिसत होतं. आणि कांताच्या बाजूने दुसरं कुणी विचारायला येणार नाही, हेही मला पक्कं माहीत होतं. तिचं घर कोणतं, वस्ती कोणती, हे माहीत होतं म्हणूनच.

म्हणाले, "मला नाही दिसली, बाई."

कांताला आधी चेष्टाच वाटली. "ए, आता नको की गं. सांग ना." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. खाली बसून तळपायातली कुसळं काढू लागली.

माझं नाव गेलं. मला ही नोकरी लागली. अभ्यास संपेपर्यंत आम्ही एकाच खोलीत राहिलो. ती माझ्याशी गरजेपुरतं बोलायची, मीही तेवढंच. नंतर ती कुठे गेली ते मी शोधलं नाही. शोधता आलं असतं.

ती वर आली होती. माझ्या पुढे होती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.